आदिकारणावाचून गती

१८१४ साली पिएर-सिमों लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने संभाव्यतेविषयी जो तात्त्विक निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभीच त्याने अशा एका बुद्धीची कल्पना मांडली आहे की, जिला कोणत्याही एका क्षणी विश्वातील यच्चयावत् वस्तूंची स्थाने व गती ठाऊक आहेत, त्यांवर कार्य करणारी सर्व बले ठाऊक आहेत, आणि एवढ्या अफाट सामग्रीचे गणित पार पाडण्याचे सामर्थ्यही जिच्या ठिकाणी आहे. अशा बुद्धीला अनिश्चित असे काहीच उरणार नाही, भूत आणि भविष्य ही दोन्ही तिला हस्तामलकवत् होतील, असा लाप्लासचा सिद्धांत. तेव्हापासून न्यूटनप्रणीत यामिकी म्हणजे नियतिवादाची सनदच होय असा समज रूढ झाला. आणि विसाव्या शतकात पुंजयामिकीने ती सनद रद्द केली, एवढीच कथा सामान्यतः सांगितली जाते.

या कथेचा पूर्वार्ध तपासून पाहण्याजोगा आहे. लाप्लासने आपला सिद्धांत न्यूटनच्या समीकरणांतून गणिताने सिद्ध करून दाखविलेला नाही. कारणावाचून कोणतीही गोष्ट अस्तित्वात येऊ शकत नाही, या लायब्निट्सपासून चालत आलेल्या ‘पर्याप्त कारणा’च्या तत्त्वावर त्याने तो उभारला. म्हणजे निश्चिततेची हमी दिली तत्त्वज्ञानाने, आणि नोंद झाली ती यामिकीच्या खात्यावर. खुद्द यामिकीलाच साक्षीला बोलाविले तर ती जी जबानी देते, ती निराळी आहे. वस्तूंची संख्या, त्यांमधील अंतरे, त्यांचे वेग किंवा पृष्ठाची वक्रता यांपैकी कोठेही अनंताचा शिरकाव झाला की, न्यूटनचे नियम अक्षरशः पाळले जात असतानाही एकाच वर्तमानातून अनेक भविष्ये संभवू शकतात. आणि त्या भविष्यांत अशी एखादी गती असू शकते की, जिच्या प्रत्येक पावलाचे कारण दाखविता येते, परंतु समग्र गतीचे कारण मात्र कोठेच सापडत नाही.

बेंटलीची शंका

अनंताची ही अडचण न्यूटनच्या हयातीतच उपस्थित झाली होती. रिचर्ड बेंटली हा विद्वान धर्मोपदेशक आपली प्रवचने छापण्यासाठी सिद्ध करीत असता त्याने न्यूटनला काही प्रश्न विचारले, आणि १६९२-९३ च्या हिवाळ्यात न्यूटनने त्याला चार पत्रे लिहून उत्तरे दिली. द्रव्य जर अनंत अवकाशात सारखे पसरलेले असेल, तर प्रत्येक कणाला सर्व बाजूंनी अनंत द्रव्य ओढणार. तेव्हा अनंत ओढीविरुद्ध अनंत ओढ उभी राहून कण जागचा हलणार नाही, असा बेंटलीचा युक्तिवाद होता. असा समतोल टिकणे म्हणजे अगणित सुया टोकांवर तोलून उभ्या राहण्याइतके दुष्कर आहे, असे न्यूटनने त्याला कळविले. आणि शिवाय बजावले की, दोन अनंत ओढी एकमेकींस तोलून धरीत असल्या तरी त्यांपैकी एकीत एखाद्या सांत ओढीची भर पडताच समतोल मोडतो, म्हणून ‘दोन्ही अनंत, तेव्हा दोन्ही समान’ असा हिशेब चालणार नाही.

या उत्तरात जी अडचण अर्धवट झाकलेली राहिली, ती दोन शतकांनी, १८९५ साली, म्युनिकचे ज्योतिर्विद हुगो फॉन झेलिगर यांनी उघडी केली. अनंत अवकाश द्रव्याने एकसारखे भरले आहे असे माना, आणि त्यातील एका कणावर एकूण किती बल कार्य करते ते काढावयाचे ठरवा. सर्व द्रव्य एकमेकांभोवतीच्या गोलाकार थरांत विभागून बेरीज करणे हा त्याचा सोपा मार्ग. न्यूटनने सिद्ध केल्याप्रमाणे जो थर कणाला आपल्या पोटात घेतो, त्याचे कणावरील बल शून्य असते. जे थर कणाच्या आतल्या बाजूस पडतात, ते मात्र त्याला केंद्राकडे ओढतात. आता थरांचे केंद्र जर कणाच्याच जागी कल्पिले, तर सर्व थर बाहेरचे ठरून बलाची बेरीज शून्य येते. केंद्र पूर्वेस एक कोस सरकविले तर आतल्या गोळ्याचे बल उरते आणि कण पूर्वेकडे ओढला जातो. दहा कोस सरकविले तर दसपट ओढला जातो. केंद्र कोठे घ्यावयाचे हे निसर्गाने ठरविलेले नाही, ती गणित करणाराची सोय आहे. आणि तरीही त्या सोयीवर उत्तर अवलंबून राहते. याचा अर्थ असा की, अनंत द्रव्याच्या विश्वात बल हे कारणच निश्चित नाही, मग त्याच्या कार्याची निश्चिती कोणी द्यावी?

येथे निदान असे म्हणता येते की, दोष विश्व अनंत मानण्यात आहे. पुढील कोड्यांत ही सबब क्रमाक्रमाने दुबळी होत जाते.

चेंडूंची माळ

स्पॅनिश तत्त्वज्ञ जोन पेरेझ लाराउदोगोइतिया यांनी १९९६ साली ‘माइंड’ या नियतकालिकात एक कोडे प्रसिद्ध केले. त्याची मांडणी शाळकरी मुलालाही समजेल इतकी सरळ आहे. एका सरळ रेषेवर शून्यबिंदूपासून अर्ध्या मीटरवर एक चेंडू स्थिर आहे, पाव मीटरवर दुसरा, एक-अष्टमांश मीटरवर तिसरा, आणि अशा रीतीने प्रत्येक अंतर मागल्याच्या निम्मे घेत चेंडूंची माळ शून्यबिंदूकडे अंतहीन गेलेली आहे. सर्वांचे वस्तुमान सारखे. आकार इतके लहान की ते बिंदूच मानावेत. आता त्याच वस्तुमानाचा आणखी एक चेंडू एक मीटरवरून, सेकंदाला एक मीटर या वेगाने, माळेकडे येऊ द्या.

सारख्या वस्तुमानाचे दोन चेंडू समोरासमोर आदळले आणि आघात पूर्ण लवचीक असला, तर ते आपापल्या वेगांची अदलाबदल करतात: येणारा थांबतो आणि थांबलेला निघतो, हे कॅरमच्या पटावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून अर्ध्या सेकंदाने आगंतुक चेंडू पहिल्याच्या जागी थांबेल आणि पहिला निघेल. पुढच्या पाव सेकंदाने पहिला दुसऱ्याच्या जागी थांबेल आणि दुसरा निघेल. आणि असेच पुढे. अर्धा, पाव, एक-अष्टमांश या काळांची अंतहीन बेरीज एक होते. तेव्हा बरोबर एका सेकंदाच्या अखेरीस सर्व आघात आटोपलेले असतात, प्रत्येक चेंडू आपल्या पुढच्याच्या जागी जाऊन निश्चल झालेला असतो, आणि गतिमान असा एकही चेंडू उरत नाही.

मग गेली कोठे ती ऊर्जा? माळेत दहाच चेंडू असते, तर हा प्रश्न उद्भवला नसता. १/१०२४ मीटरवर उभा असलेला दहावा चेंडू धक्का घेऊन शून्यबिंदू ओलांडून निघून गेला असता आणि सारी गतिज ऊर्जा व सारा संवेग त्याच्याबरोबर गेला असता. दहांच्या जागी दहा लाख घेतले तरी जमाखर्च बिनचूक जुळतो. परंतु अंतहीन माळेत शेवटचा चेंडू नावाची वस्तूच नाही. ऊर्जा घेऊन बाहेर पडावयाचे ते कोणी? प्रत्येक आघातात ऊर्जेची अक्षय्यता काटेकोर पाळली गेली आहे, एकाही नोंदीत खोट नाही, आणि तरी एकूण शिल्लक शून्य आहे. समान वस्तुमानांच्या अनंत चेंडूंचे एकूण वस्तुमान अनंत होते म्हणून हे घडते, असा आक्षेप सुचेल, आणि तो विचारार्ह आहे. पण डेव्हिड ॲटकिन्सन यांनी २००७ साली दाखविले की, वस्तुमाने उतरती घेऊन त्यांची बेरीज सांत ठेवली असता संवेगाचा हिशेब जुळतो, ऊर्जेचा मात्र जुळेलच असे नाही.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. न्यूटनचे नियम काळाच्या दिशेविषयी उदासीन असतात. एखादी गती त्या नियमांना मान्य असेल, तर तीच गती उलट क्रमाने घडणेही त्यांना मान्यच असते. तेव्हा वरील घटना उलटी वाचा. सर्व चेंडू माळेत निश्चल आहेत, बाहेरून कोणी येत नाही, कोणी स्पर्श करीत नाही. आणि एकाएकी शून्यबिंदूकडून गतीची लहर उठते, चेंडूवर चेंडू आदळत ती बाहेर येते, आणि अर्ध्या सेकंदाने टोकाचा चेंडू सेकंदाला एक मीटर वेगाने दूर निघून जातो. हा चेंडू का निघाला? त्याच्या आतल्या चेंडूने त्याला धक्का दिला म्हणून. तो का निघाला? त्याच्याही आतल्याने दिला म्हणून. प्रश्न कितीही वेळा विचारा, उत्तर तयार आहे. परंतु पहिला धक्का कोणी दिला, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पहिला धक्काच नाही. आणि ही लहर उठावयाची कधी, आज की शंभर वर्षांनी, की कधीच नाही, यांपैकी कोणत्याही पर्यायास नियमांची हरकत नाही.

पाच गोळे आणि रिकामे आकाश

अनंत वस्तू घेतल्याच नाहीत तर? १८९५ साली पॉल पँलव्हे या फ्रेंच गणितज्ञाने स्टॉकहोम येथे व्याख्याने दिली. हा गृहस्थ पुढे दोनदा, १९१७ आणि १९२५ साली, फ्रान्सचा पंतप्रधान झाला. पण यामिकीच्या इतिहासात त्याचे नाव त्या व्याख्यानांत विचारलेल्या एका प्रश्नामुळे राहिले आहे. परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने फिरणारे काही बिंदुवत् गोळे घ्या. त्यांच्या गतीचे गणित एखाद्या क्षणी पुढे चालेनासे होते, ते कशामुळे? दोन गोळे एकमेकांवर आदळले तर त्यांमधील अंतर शून्य व बल अनंत होते आणि गणित थांबते, हे उघड आहे. तीन गोळ्यांच्या बाबतीत टक्कर हेच एकमेव कारण असते, हे पँलव्हेने सिद्ध केले. चार किंवा अधिक गोळे असता टक्कर न होताही गणित कोलमडू शकेल, असा त्याचा तर्क होता. तसे झाल्यास गोळ्यांचा समूह सांत काळातच अमर्याद फैलावला पाहिजे, हे १९०८ साली स्वीडिश ज्योतिर्विद हुगो फॉन झाइपेल यांनी दाखविले. परंतु असे एक तरी उदाहरण प्रत्यक्ष रचून दाखविणे कोणाला साधेना. जॉन मॅदर व रिचर्ड मॅगीही यांनी १९७५ साली एका रेषेवरील चार गोळ्यांचे उदाहरण दिले, पण त्यात गोळे वारंवार आदळत होते. अखेर झिहोंग शिया या तरुण चिनी गणितज्ञाने अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डोनाल्ड सारी यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या प्रबंधात हे कोडे पाच गोळ्यांसाठी सोडविले, आणि १९९२ साली त्याची संपूर्ण सिद्धता प्रसिद्ध झाली.

शियाच्या रचनेत गोळ्यांच्या दोन जोड्या आहेत, एक खूप वर आणि एक खूप खाली. प्रत्येक जोडीतील दोन समान गोळे एका उभ्या अक्षाभोवती अतिशय चपट्या कक्षांत फिरतात, आणि दोन्ही जोड्यांच्या फिरण्याच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. पाचवा, हलका गोळा त्या अक्षावरून या जोडीकडून त्या जोडीकडे ये-जा करतो. तो वरच्या जोडीच्या पातळीतून जेमतेम पार होतो न होतो तोच जोडीतील दोन्ही गोळे एकमेकांच्या अगदी निकट येतात, त्यांची एकत्रित ओढ कमालीची वाढते, आणि तो प्रचंड वेगाने खाली फेकला जातो. प्रतिक्रियेने जोडी आणखी वर सरकते. खाली पोहोचल्यावर तोच प्रकार. प्रत्येक फेरीत जोड्या एकमेकींपासून अधिकाधिक दूर जातात, तरी पाचव्या गोळ्याचा वेग त्याहूनही झपाट्याने वाढत असल्यामुळे प्रत्येक फेरीस लागणारा वेळ मागल्या फेरीपेक्षा कमी होतो. इतका कमी की, अनंत फेऱ्यांच्या वेळांची बेरीज सांत राहते. त्या मुदतीच्या अखेरीस जोड्या अनंत अंतरावर गेलेल्या असतात आणि पाचही गोळ्यांना अवकाशात कोठेच ठावठिकाणा उरत नाही. यासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते, याचे उत्तर बिंदुवत् गोळे या कल्पनेत दडलेले आहे. दोन बिंदू हवे तितके जवळ येऊ शकतात, आणि जितके जवळ येतील तितकी स्थितिज ऊर्जा मोकळी होते. हा खजिना अक्षरशः तळ नसलेला आहे. चार गोळ्यांनीही हेच साधते, हे जिनशिन श्युए यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सिद्ध केले.

आता ही गतीही उलटी वाचावी. आकाश रिकामे आहे. कोणत्याही बिंदूवर कोणतीही वस्तू नाही, म्हणून कोणतेही बल नाही. मग कोणत्याही पूर्वसूचनेवाचून, अनंत अंतरावरून, पाच गोळे आकाशात दाखल होतात. रिकाम्या आकाशाची संपूर्ण माहिती लाप्लासच्या त्या बुद्धीला दिली, तरी हे पाहुणे येणार की नाही, हे तिला सांगता येणार नाही. दाखल झाल्यानंतर त्यांच्या प्रत्येक हालचालीचे कारण तिला देता येईल, आणि ते कारण आधीच्या फेरीत असेल. त्या फेरीचे तिच्याही आधीच्या फेरीत. परंतु पहिली फेरी तिलाही सापडणार नाही. अशा घटना घडण्याची संभाव्यता, निदान चार गोळ्यांच्या बाबतीत, शून्य आहे हे सारी यांनी १९७७ सालीच दाखविले होते. पण अत्यंत विरळ असणे आणि नियमाने निषिद्ध असणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि नियतिवादाचा दावा दुसऱ्या प्रकारचा आहे.

घुमटाच्या शिखरावरील कण

तिसऱ्या कोड्यात वस्तू एकच आहे, अंतरे चिमुकली आहेत आणि वेग मंद आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठातील विज्ञानाचे तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी २००३ साली ते मांडले. एका घर्षणरहित घुमटाच्या अगदी शिखरावर एक कण निश्चल ठेवला आहे. घुमटाचा आकार मात्र खास निवडलेला आहे: शिखरापासून पृष्ठावरून जितके दूर जावे, त्या अंतराच्या दीड घाताच्या प्रमाणात पृष्ठ खाली उतरते. परिणामी कण शिखरापासून दूर असता त्याला उतारावरून खाली नेणारे त्वरण, योग्य एककांत, त्या अंतराच्या वर्गमुळाइतके असते.

शिखरावर अंतर शून्य, म्हणून त्वरण शून्य. तेव्हा कण तेथेच कायमचा राहील, हे एक उत्तर. परंतु तेवढेच उत्तर नाही. कण वाटेल त्या क्षणापर्यंत स्वस्थ बसला आणि त्यानंतर त्याचे शिखरापासूनचे अंतर, त्या क्षणापासून लोटलेल्या काळाचा चौथा घात भागिले १४४, अशा रीतीने वाढत गेले, तर तीही गती न्यूटनच्या नियमात तंतोतंत बसते. याची पडताळणी करून पाहावी. दोन सेकंद लोटल्यावर चौथा घात १६, म्हणून अंतर १६/१४४ म्हणजे १/९. या गतीत त्वरण नेहमी काळाच्या वर्गाचा बारावा भाग येते. म्हणजे दोन सेकंदांनी ४/१२, अर्थात १/३. आणि १/९ चे वर्गमूळ? नेमके १/३. तीन सेकंदांनी अंतर ९/१६ व त्वरण ३/४. पुन्हा वर्गमूळ बरोबर जुळते. कोणताही क्षण घ्या, नियम मोडलेला आढळणार नाही.

निश्चल वस्तू बाह्य बलावाचून हलत नाही, या न्यूटनच्या पहिल्या नियमाचा तरी येथे भंग झाला असेल, असे कोणासही वाटेल. म्हणून ज्या क्षणी कण सुटला तो क्षण नीट न्याहाळावा. त्या क्षणी कण शिखरावरच आहे, बल शून्य आहे, त्वरणही शून्य आहे; नियम पाळला गेला. त्यानंतरच्या कोणत्याही क्षणी कण शिखरापासून थोडा का होईना दूर आहे, तेथे बल आहे आणि त्या बलाइतकेच त्वरण आहे. नियम पुन्हा पाळला गेला. सुटण्याचा क्षण हा विश्रांतीचा शेवटचा क्षण आहे, परंतु गतीचा पहिला क्षण असा कोणताच नाही, कारण त्यानंतरचा कोणताही क्षण निवडला तरी त्या दोहोंच्या मध्ये अगणित क्षण आहेत व त्या सर्वांत कण गतिमानच आहे. गतीचे कारण जेथे शोधावयाचे, ती जागाच काळाच्या अनंत विभाज्यतेने काढून घेतली आहे. कण कोणत्या दिशेने सुटावा हेही नियम सांगत नाहीत, कारण घुमट सर्व बाजूंनी सारखा आहे. आणि अमुक सेकंदांत सुटण्याची संभाव्यता इतकी, एवढेही ते सांगत नाहीत. किरणोत्सर्गी अणूच्या बाबतीत पुंजयामिकी निदान संभाव्यतेचे माप तरी हाती देते. येथे तेवढाही आधार नाही.

गोल घुमटावर असे का घडत नाही? काळाची दिशा उलटी करून पाहिले असता ते कळते. नेमका शिखरापाशीच थांबावा इतकाच वेग देऊन कण गोल घुमटावर वर सोडला, तर तो मंदावत मंदावत शिखराच्या जवळ जात राहतो, पण तेथे पोहोचावयास त्याला अनंत काळ लागतो. नॉर्टनच्या घुमटावर मात्र तो सांत काळात शिखरावर पोहोचून थांबतो. म्हणूनच ती गती उलटी केली की सांत काळात शिखरावरून सुटणारी गती मिळते. या फरकाचे मूळ शिखराच्या वक्रतेत आहे, आणि नॉर्टनच्या घुमटाची वक्रता शिखरबिंदूपाशी अनंत होते. जर्मन गणितज्ञ रुडोल्फ लिपशिट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात जी अट घातली, तिचे उल्लंघन येथेच होते. त्यांची अट अशी की, स्थान जरासे बदलले असता बलात पडणारा फरक स्थानातील फरकाच्या एखाद्या ठरावीक पटीच्या आत राहिला पाहिजे. वर्गमुळाच्या नियमात शिखरापासून १/१०० अंतरावर बल १/१०, म्हणजे अंतराच्या दसपट. १/१०,००० अंतरावर ते १/१००, म्हणजे शंभरपट. आणि शिखराजवळ जावे तसतशी ही पट बेसुमार वाढत जाते. अट पाळली गेली तर एका आदिस्थितीतून एकच गती निघते, हे गणिताने सिद्ध होते. अट सोडून बल नुसते सलग असले, तर गती अस्तित्वात असते एवढेच सिद्ध होते. ती एकच असेल याची हमी उरत नाही. इटालियन गणितज्ञ जुझेप्पे पेआनो यांच्या १८९० च्या प्रमेयाचा आशय हाच आहे.

नॉर्टन यांचा घुमट नवा असला तरी त्यातील अडचण जुनी आहे. समीकरणातून एकाहून अधिक गती निघतात अशा उदाहरणांचा विचार फ्रेंच गणितज्ञ पॉइसाँ याने १८०६ सालीच, म्हणजे लाप्लासच्या त्या निबंधाच्या आधी, केला होता. १८७८ साली जोसेफ बुसिनेस्क यांनी तर याच फटीत सजीवांच्या स्वातंत्र्याला जागा करून दिली. जेथे समीकरणे अनेक मार्ग मोकळे ठेवतात तेथे कोणतेही बल न लावता मार्ग निवडणारे एखादे नियामक तत्त्व असू शकेल, असे त्यांनी प्रतिपादिले. जोसेफ बर्त्रां यांनी त्यावर कडक टीका केली. यामिकीच्या अभ्यासकांना ही फट ठाऊक होती. सामान्य वाचकांपर्यंत मात्र लाप्लासचे आश्वासन तेवढे पोहोचले.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या तीनही कोड्यांवर एक ठरलेला आक्षेप घेतला जातो: बिंदुवत् गोळे, पूर्ण लवचीक चेंडू, अनंत वक्रतेचे शिखर या गोष्टी निसर्गात नाहीत. द्रव्य अणूंचे बनलेले आहे. कोणताही घुमट अणूच्या आकाराहून सूक्ष्म असे टोक धारण करू शकत नाही, आणि प्रकाशाहून अधिक वेग सापेक्षतेच्या सिद्धांताने वर्ज्य ठरविला आहे. हे सर्व खरे आहे. परंतु हा आक्षेप यामिकीच्या बाजूने पुढे करता येत नाही, कारण अणू आणि वेगमर्यादा या दोन्ही गोष्टी तिच्या बाहेरच्या आहेत. बाहेरचा जामीन आणून आतली निश्चितता सिद्ध होत नसते. शिवाय घर्षणरहित पृष्ठ, पूर्ण दृढ पदार्थ आणि बिंदुवत् ग्रह या कल्पना आपण पाठ्यपुस्तकाच्या पानोपानी निर्धास्तपणे वापरतो. त्यांतून सोयीचे उत्तर निघाले तर त्या रास्त, आणि गैरसोयीचे निघाले तर अवास्तव, असा न्याय करणे बरे नव्हे. डेव्हिड मॅलमेंट यांनी २००८ साली याविषयी समतोल मत दिले. ‘न्यूटनची यामिकी’ म्हणजे नेमके काय, कोणती पृष्ठे व कोणती बले तिच्या कक्षेत येतात, याची एकच सर्वमान्य आखणी झालेलीच नाही. म्हणून ती नियतिवादी आहे की नाही, हा प्रश्न आखणी केल्याशिवाय निकालात निघणार नाही.

याच्याही मुळाशी कार्यकारणभावाचा प्रश्न आहे. लायब्निट्सने १६९७ साली वस्तूंच्या आद्य उगमाविषयी जो छोटा निबंध लिहिला, त्यात त्याने एका ग्रंथाची कल्पना केली आहे. भूमितीचा एक ग्रंथ अनादि काळापासून प्रतीवरून प्रत करीत चालत आला आहे असे मानले, तर प्रत्येक प्रतीचे कारण तिच्या आधीची प्रत हे सांगता येईल. परंतु असा ग्रंथ मुळात का आहे, आणि त्यात हेच लिहिलेले का आहे, याचे उत्तर कितीही मागे गेले तरी मिळणार नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत याच्या उलट पक्ष मांडलेला आहे: मालिकेतील प्रत्येक घटकाचे कारण दिले की मालिकेचे कारण दिलेच, त्याहून वेगळे काही मागणे अवाजवी आहे. आपल्याकडील नैयायिकांनीही हा प्रश्न सूक्ष्मपणे हाताळला होता. कारणांची अंतहीन परंपरा म्हणजे अनवस्था, आणि तो दोष. तथापि बीजापासून अंकुर व अंकुरापासून बीज अशी जी अनादि परंपरा प्रत्यक्षात आढळते, तिची अनवस्था दोषास्पद नाही, असा अपवाद बीजांकुरन्यायाने मान्य केलेला आहे.

यामिकीतील ही कोडी या जुन्या वादात एक नवी गोष्ट आणतात. लायब्निट्सचा ग्रंथ काय किंवा बीजांकुराची परंपरा काय, त्यांना आरंभच नसल्यामुळे त्यांच्यापूर्वीचा काळ असा नाही, आणि म्हणून ‘आधी नव्हते ते आता का झाले’ हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. चेंडूंच्या उलट्या लहरीत, गोळ्यांच्या आगमनात आणि घुमटावरच्या कणात मात्र कारणांची अंतहीन परंपरा सांत काळात बसविलेली आहे, आणि तिच्यापूर्वी संपूर्ण निश्चलतेचा किंवा संपूर्ण रिक्ततेचा काळ आहे. घटक न् घटक सकारण असूनही आधी नसलेली गोष्ट नंतर घडली. आणि घडली नसती तरी एकाही नियमाला बाध आला नसता. एवढे पाहिल्यावर ह्यूमच्या पक्षाचे समाधान पुरेसे वाटत नाही. घटकांची कारणे गोळा केल्याने समग्राचे कारण मिळते ही समजूत, जेथे परंपरेला पहिला घटक असतो तेथेच निर्धोक आहे. कारण तेथे त्या पहिल्या घटकाचे कारण बाहेर शोधता येते. पहिला घटक नाहीसा झाला की दोन्ही प्रश्न एकमेकांपासून सुटे होतात.

बर्ट्रंड रसेल यांनी १९१२ सालच्या एका व्याख्यानात प्रगत विज्ञानांना ‘कारण’ या कल्पनेची गरजच नाही असे म्हटले होते, आणि नॉर्टन यांनीही आपला घुमट कारणकल्पनेला विज्ञानाच्या मूलतत्त्वांतून काढून टाकण्यासाठीच उभारला. इतक्या टोकाला जाण्याची आवश्यकता मला वाटत नाही. बुद्धिबळाचा पट मांडल्यावर सोंगट्यांच्या चाली नियमबद्ध असतात म्हणून डाव एकच निघतो असे नाही. त्याचप्रमाणे गती नियमबद्ध असणे आणि ती एकच असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या कोड्यांनी स्वच्छ केले, आणि हेच त्यांचे खरे देणे आहे. पहिली गोष्ट न्यूटनने दिली. दुसरी गोष्ट मिळवावयाची तर वस्तू संख्येने सांत आहेत, त्या एकमेकींच्या बेसुमार जवळ येत नाहीत, वेगांना मर्यादा आहे, आणि बल स्थानाबरोबर बेताने बदलते, अशा अटी प्रत्येक प्रसंगी स्पष्टपणे लिहून द्याव्या लागतात. आणि विश्व त्या अटी पाळते की नाही, हे कोणत्याही तत्त्वाच्या आधारे घरबसल्या ठरविता येत नाही, ते निरीक्षणाने आणि प्रयोगानेच ठरवावे लागते. पर्याप्त कारणाचे तत्त्व शोधाची प्रेरणा म्हणून अमोल आहे, आणि ते सोडून विज्ञान एक पाऊलही चालणार नाही. परंतु शोध पुरा होण्यापूर्वीच त्याच्या निष्पत्तीची हमी म्हणून ते वापरले, तर लाप्लासइतक्या थोर गणितज्ञाचीही वाट चुकते.